खुर्ची पुसणारा मासा

"एक मिनिट… बसू नका हं!"

मी स्टुलावर टेकणार एवढ्यात तो म्हणाला आणि मी अर्धी वाकलेलीच थांबले. त्याने खिशातून घडी केलेला रुमाल काढला, माझ्याच क्लिनिकमधलं माझंच गोल स्टूल नीट पुसलं, कडेची धूळसुद्धा काढली, आणि मग म्हणाला, "हां, आता बसा."

गोष्टीतल्या नायिकेचं हृदय अशा वेळी धडधडतं म्हणे. मला मात्र जाम राग आला. माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक उज्जैनच्या फ्रीगंज भागात, टावर चौकाच्या अगदी तोंडाशी, तळमजल्यावर आहे. बाहेर ऑटोवाल्यांची भांडणं, शेजारी नमकीनचं दुकान, आणि वर मे महिना. जयूबाई सकाळी सगळं लख्ख पुसून जातात आणि पहिला पेशंट येईपर्यंत टेबलावर बोटाने नाव लिहावं इतकी धूळ बसते. पण म्हणून कोणी परक्याने येऊन ती दाखवून द्यायची?

"आमच्याकडे रोज सफाई होते," मी म्हटलं.

"हो, हो… म्हणजे ते दिसतंच आहे," तो गडबडला. "सवय आहे हो. सॉरी."

आणि त्याचे कान लाल झाले. चेहरा जसाच्या तसा, सावळा, उन्हाने रापलेला – फक्त कान लाल. मला हसू आलं आणि राग वाया गेला.

तो आईला घेऊन आला होता. अहल्याकाकू पोतनीस, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या. काकूंनी टेबलावर आडवं होता होता मला मुलाची सगळी माहिती पुरवली.

"हा विक्रांत. अंदमानला असतो. समुद्रात उतरून माशांची लफडी बघतो दिवसभर. सरकार त्याचे पैसे देते, मतलब विचार कर!"

"आई, लफडी काय…"

"मग काय म्हणतात त्याला?"

"प्रणयाराधन," तो म्हणाला, आणि पलीकडे मानेला ट्रॅक्शन लावून बसलेल्या आजोबांनी ट्रॅक्शनसकट वळायचा प्रयत्न केला. कान पुन्हा लाल!

त्या उन्हात काकूंना रोज क्लिनिकपर्यंत आणणं कठीण होतं. म्हणून मी संध्याकाळी त्यांच्या घरी जायचं ठरलं. फ्रीगंजातच त्यांचा फ्लॅट होता, माझ्या परतीच्या वाटेवर. पोतनीस म्हणजे इथले जुने लोक, शिंद्यांच्या दरबारातल्या कोणा खजिनदाराचे वंशज. आम्ही नेवे कालपरवाचे. बाबांची रेल्वेतली बदली भुसावळहून झाली म्हणून आलो, आणि बाबा रिटायर झाले तरी राहिलो. इथल्या जुन्या मराठी घरांमध्ये कोण कोणाचं कोण, कोणाचं काय गेलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला नसतं. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे याच अज्ञानाने माझा घात केला.

रोज संध्याकाळी मी बेल वाजवायची. विक्रांत दार उघडायचा. मग खांद्यावरच्या नॅपकिनने वेताची खुर्ची पुसायचा आणि म्हणायचा, "बसा." सुरुवातीला मी मनात हसायची. मग हळूहळू असं झालं की जिना चढतानाच मला त्या पुसण्याची वाट बघायची सवय लागली. एकदा तो बाजारात गेला होता, खुर्ची कोणी पुसली नाही, आणि मी काकूंच्या गुडघ्याचे व्यायाम इतक्या बेसूर मनाने घेतले की त्या म्हणाल्या, "मृणाल, आज भांडून आलीस का कोणाशी?"

व्यायाम झाले की चहा. चहा झाला की मासे.

"तुम्ही उद्या लाल घालून समुद्रात येऊ नका," एकदा तो माझ्या ओढणीकडे बघत म्हणाला.

"मी कशाला येतेय समुद्रात?"

"नाही, म्हणजे… समजा. खोल पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी जातो. काळपट दिसतो. म्हणून माझे बरेचसे मासे पिवळ्या-निळ्याचा भरवसा धरतात. कोणी ठरवून नाही हं. जे नर दिसले, ते माद्यांना आवडले. जे आवडले, त्यांची पिल्लं झाली. पिल्लांना बापाचा रंग आला. असं लाखो वर्षं चाललं. जिथे राहायचं, तिथे जे दिसतं तेच टिकतं."

"आणि मी कुठल्या खोलीवर आहे?"

हे मी विचारलं खरं… आणि माझंच मला कळेना की हा आवाज माझाच का.

त्याने कप खाली ठेवला. "तुम्ही फ्रीगंजात आहात," तो म्हणाला. "इथे लाल दिसतो." मग पुन्हा कप उचलत, "चांगला दिसतो."

काकूंनी तेवढ्यात पायाखालची उशी नीट करायला सांगितली नसती तर मी काय केलं असतं, कोण जाणे. त्या रात्री आरशासमोर ओढणी घेऊन उभी राहिले. वय वर्षं सत्तावीस, स्वतःचं क्लिनिक, आणि हे उद्योग!

मराठी मंडळाची वसंत व्याख्यानमाला मेअखेरीस असते. यंदा एक वक्ता ऐनवेळी गळाला आणि कार्यकर्त्यांनी विक्रांतला धरलं. विषय ठरला, 'प्रवाळातल्या माशांच्या प्रेमखुणा कशा घडतात'. मंडळाच्या इतिहासात असा विषय प्रथमच. पत्रिका वाचून म्हणे दोन काका रागावले आणि दोघेही पहिल्या रांगेत येऊन बसले. आभार मानायचं काम दर वर्षी माधवकाकांचं, पण त्यांचा घसा बसला होता. अहल्याकाकूंनी परस्पर माझं नाव सुचवलं.

"तू बोलकी आहेस ना," त्या म्हणाल्या. "दोन मिनिटांचं तर काम आहे."

व्याख्यानाच्या दिवशी दुपारी धुळीचं वादळ आलं. पेशंट आवरून मी पोचले तेव्हा हॉल भरून गेला होता. पहिल्या रांगेत कडेची एकच खुर्ची रिकामी होती, माझ्यासाठी ठेवलेली. मी धापा टाकत तिच्याशी पोचले, आणि स्टेजवर चढायला निघालेला विक्रांत वळून परत आला. भर सभेत त्याने रुमाल काढला. ती लोखंडी घडीची खुर्ची पुसली. आणि गेला.

मी बसले. मला वाटत होतं, अख्खं फ्रीगंज माझ्याकडे बघतंय. आणि बघू दे, असंही वाटत होतं.

तो बोलायला लागला तेव्हा आधी कानच बोलत होते. पण पडद्यावर समुद्र आला आणि त्याचा आवाज बदलला. एक बोटभर लांबीचा राखाडी मासा होता, दिसायला अगदी सामान्य. हा मासा मेलेल्या प्रवाळावर एक जागा निवडतो आणि ती साफ करतो. शेवाळ कुरतडतो, वाळू शेपटीने उडवतो, शंख तोंडाने ओढून बाहेर टाकतो. अंडी नीट चिकटावीत म्हणून. "यात प्रेम काही नाही," विक्रांत म्हणाला. "निव्वळ घरकाम आहे. पण माद्या बघत होत्या. ज्याची जागा साफ, त्याच्याकडे जायचं, हे त्यांच्या डोळ्यांना बसलं. मग जो नर सफाई जरा जास्त जोरात, जास्त दिसेल अशी करायचा, त्याला फायदा झाला. पिढ्यान्पिढ्या ती हालचाल वाढत गेली, लयीत आली… आणि आमचा अंदाज असा, की झाडण्याचाच शेवटी नाच झाला."

रागावलेले दोन्ही काका पुढे सरकून बसले होते.

"पण नाच फुकट नसतो," तो पुढे म्हणाला. "मादी जवळ आली की हा कपारीतून बाहेर येतो आणि उघड्या पाण्यात उडी घेतो. वर, पुन्हा खाली, तोंडाने टकटक आवाज करत. मादीला दिसतो तसा मोठ्या माशालाही दिसतो. गिळला जाऊ शकतो. म्हणून तर त्या उडीला किंमत आहे."

प्रश्नोत्तरं सुरू झाली. कुसुमताई, मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, बसल्या जागेवरून म्हणाल्या, "ए विक्रांत, एक सांग. मासोळीला समजणार कसं, हा खरोखर झाडू मारून राहिला, की लाइन मारून राहिला?"

हशा झाला. विक्रांतही हसला. "साफ झालेली जागा पुन्हा साफ करायला लागला ना ताई, की समजायचं."

आणि मग माझं नाव पुकारलं गेलं.

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आई मला लहानपणापासून म्हणते. मी कागदावर छान, साधे आभार लिहून आणले होते. पण माइकसमोर उभी राहिले, समोर ते हसरे चेहरे दिसले, कडेला तो दिसला, आणि माझ्या डोक्यात काय आलं देव जाणे.

"विक्रांतरावांचे विशेष आभार," मी म्हटलं, "कारण आज मला एक उलगडा झाला. महिनाभर हे माझी खुर्ची का पुसताहेत, ते मला समजत नव्हतं. आता समजलं!"

हॉलमध्ये हशा फुटला. टाळ्या, शिट्टीसुद्धा. मी विजयी मुद्रेने हसत उभी. एवढ्यात कुसुमताईंचा तो शाळेचा खणखणीत आवाज आला.

"अगं पोरी, त्याने तर आज सगळ्याच पुसल्या! आम्ही यायच्या आधीपासून पुसून राहिला होता, एकटा. गोपाळकृष्ण पुसायचे ना दर वर्षी…"

हसू होतं तिथेच थांबलं. कोणीतरी खाकरलं. कुसुमताईंनाही बोलून गेल्यावर कळलं असावं, त्यांनी पदर सावरला. आणि मला, अख्ख्या हॉलमध्ये एकटीला, काहीच कळेना. शेजारून माधवकाकांनी बसलेल्या घशाने कुजबुजून सांगितलं, "याचे वडील. मागच्या दिवाळीत गेले. आयुष्यभर मंडळात एकच काम केलं. लोक धुतलेले कपडे घालून येतात, त्यांना डाग पडू नये म्हणून खुर्च्या पुसायचे."

मी विक्रांतकडे बघितलं. तो हातातल्या रुमालाकडे बघत होता.

धरणी दुभंगावी आणि पोटात घ्यावं, असं म्हणतात. फ्रीगंजातली धरणी भारी टणक आहे. मी उरलेले आभार मानले. ध्वनिव्यवस्थेचे दोनदा, अध्यक्षांचे एकदाही नाही. आणि वंदे मातरम् संपल्याबरोबर मागच्या दाराने पळाले.

घरी बाबा विचारत होते, "कसे झाले आभार?"

"झाले," मी म्हटलं, आणि नळ सोडून तोंड धूत राहिले. कितीही धुतलं तरी तोंड गरमच.

लाज एका जातीची नसते, हे मला त्या आठवड्यात समजलं. एक होती हॉलमधली. अख्ख्या गावाला सांगून बसले, की हा माझ्या प्रेमात आहे, आणि तो बिचारा सगळ्यांच्याच खुर्च्या पुसणारा! हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. दुसरी लाज हिच्याहून खोल. वडील गेल्यानंतरची ती पहिली व्याख्यानमाला. तो त्यांचं काम हातात घेऊन उभा होता, आणि मी त्याचा विनोद केला. पण खरी जाळत होती ती तिसरी. जिना चढताना ज्याची मी वाट बघायची, ते पुसणं माझ्यासाठी नव्हतंच. माझ्या जागी दूधवाला आला असता तरी त्याने पुसलं असतं. मग त्या संध्याकाळी? ती लाल ओढणी? सगळं मीच रचलं होतं का?

मी काकूंकडे जाणं बंद केलं.

"खोकला झालाय," फोनवर सांगितलं.

"इतक्या गरमीत खोकला?" काकू म्हणाल्या. "बरं. विक्रांत गुरुवारी चाललाय. इंदूरहून विमान आहे."

"हो का? छान," मी म्हटलं आणि खोटं खोटं खोकले.

क्लिनिकमध्ये मला एक नवाच छंद लागला. मी सगळं पुसायला लागले. टेबलं, डंबेल्स, दाराच्या मुठी, आणि ते गोल स्टूल तर येता-जाता. कोणाला पुसावंच लागू नये, कोणाचा रुमाल खिशातून निघूच नये, म्हणून. जयूबाई कंबरेवर हात ठेवून बघायच्या. "मॅडम, माझी नौकरी घेऊन राहिल्या का तुम्ही?"

बुधवारी सकाळी मी नुकतंच स्टूल पुसून ठेवलं होतं. पाठ वळवून फडकं पिळतेय, तोच काठीची टकटक ऐकू आली.

"खोकला कसा आहे?" अहल्याकाकू दारात. मागे विक्रांत.

मी तोंडाला येईल ते बोलले. काकूंना धरून आतल्या टेबलावर झोपवलं, गुडघ्यावर शेकाची पिशवी ठेवली, पडदा ओढला. आता पडद्याच्या अलीकडे आम्ही दोघंच. त्याच्या नजरेला नजर देणं शक्यच नव्हतं. मी त्याच्या चपलांशी बोलले.

"मला तुमच्या बाबांचं माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. माहीत असतं तर… मला माफ करा. मला इतकी शरम वाटतेय की—"

"बाबा जोरात हसले असते," तो म्हणाला. "सगळ्यांत जोरात. तुमचं बोलणं ऐकून मला आधी तोच आवाज आठवला."

मी वर बघितलं. तो हसत नव्हता.

"शरम मला वाटतेय," तो म्हणाला. "गेला आठवडाभर."

"तुम्हाला कशाची?"

"मी तास न् तास लोकांना सांगतो, की उडीला किंमत का असते. आणि त्या दिवशी हॉलमध्ये… तुम्ही उडी मारलीत. उघड्या पाण्यात, सगळ्यांसमोर. लोक हसले, मग गप्प झाले, तुम्ही एकट्या तिथे उभ्या. मला फक्त उठून एक वाक्य बोलायचं होतं. आणि मी कपारीत बसून राहिलो."

बाहेर एक ऑटोवाला दुसऱ्याला 'अरे भिया, हट ना' म्हणून ओरडत होता. माझ्या घशात खराखुरा खोकला आला.

"कुठलं वाक्य?"

त्याने खिशात हात घातला आणि रुमाल काढला. धुतलेला, इस्त्रीचा, घडी न मोडलेला. माझ्या त्या गोल स्टुलाशी गेला. वाकला.

"ते स्वच्छ आहे," मी म्हटलं. "मी आत्ताच पुसलंय."

"दिसतंय," तो म्हणाला, आणि पुसायला लागला. आधी वरून. मग कडेने. मग पुन्हा वरून, सावकाश, जणू अख्ख्या उज्जैनची धूळ त्या एका स्टुलावर बसली होती. रुमाल उलटा करून त्याने मला दाखवला. पांढराशुभ्र. एक डाग नाही. आणि त्याचे कान… ते कान कुठल्याही समुद्रात, कितीही खोल पाण्यात दिसले असते.

मला कुसुमताईंचा प्रश्न आठवला. आणि त्याचं उत्तर.

लाज पुन्हा चढली, गळ्यापासून कपाळापर्यंत. पण ही चौथीच होती. हिला लपवायला नळ सोडावासा वाटला नाही.

"सगळ्यांच्याच पुसता ना तुम्ही?" मी मुद्दाम विचारलं.

"धूळ असली तर सगळ्यांच्या," तो म्हणाला. "दिवाळीत येतोय मी. बाबांचं वर्षश्राद्ध आहे. तुम्ही… तेव्हा असाल ना?"

"दिवाळीला तर घरोघरी सफाई झालेली असते. धूळ कुठे मिळणार तुम्हाला?"

"नसली तरी येईन."

पडद्यामागून काठी टेबलावर आपटली. "अरे, झालं का पुसून? तिला बसू दे आता! इकडे माझा शेक गार झाला!"

आम्ही दोघंही दचकलो. तो पटकन बाजूला झाला, रुमाल खिशात कोंबायला गेला आणि तो खाली पडला. मी उचलला. परत दिला नाही.

आणि मग त्या लखलखीत, दोनदा पुसलेल्या स्टुलावर मी बसले. मान वर करायची हिंमत होत नव्हती, तरी तिथून उठावंसं वाटत नव्हतं.